नणंदबाईंची पाहुणी

काळजी करण्याची परीक्षा सरकारने घेतली असती, तर आमच्या मोठ्या नणंदबाई अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात पहिल्या आल्या असत्या, आणि निकाल लागेपर्यंत आपण नापासच होणार या धास्तीने त्यांनी अन्नपाणी सोडलं असतं. मी सून म्हणून या घरात आले त्या दिवशी बाकीच्या बायका माझी साडी, माझा रंग, माझं नाक न्याहाळत होत्या. नणंदबाई मंडपाच्या खांबाला हात लावून तो हलतो का ते पाहत होत्या. खांब काही हलला नाही. मग त्यांनी तो जोर लावून हलवला, तेव्हा हलला, आणि इकडे त्रिशरण-पंचशील चालू असताना त्यांनी मंडपवाल्याला बोलावून दोऱ्या आवळून घेतल्या. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या डोक्यामागे एक माणूस तोंड वाकडं करून दोरी ओढताना दिसतो. तो आमचा कोणी नातेवाईक नव्हे, हे मला अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावं लागतं.

माझे सासरे तामसीकडच्या एका गावात लोकांच्या शेतात राबायचे. त्या घरातून शिकून मास्तरीण झालेल्या, पगार आणणाऱ्या पहिल्या म्हणजे नणंदबाई. पहिला पगार घरी आला आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्या घराची काळजीही त्यांच्या नावावर जमा झाली ती झालीच. आदिलाबादच्या त्यांच्या दोन खोल्यांत आधी भाऊ राहून शिकले, मग भाचे, मग पुतणे. कोणी दहावी होईपर्यंत, कोणी इंटर होईपर्यंत, कोणी नोकरी लागेपर्यंत. माझा मुलगाही तिथेच वाढला; आम्ही तेव्हा गावाकडे राहायचो, आदिलाबादला आलो ते पुढे. रिझल्ट लागला की ज्याची पोरं तो येऊन घेऊन जायचा. रीतच होती ती, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नणंदबाईंचं लग्न या सगळ्या ये-जामध्ये राहून गेलं. शाळेत कुणी एखाद्या पोराकडे बोट दाखवून 'तुमचा का?' म्हणून विचारलं, की त्या चटका बसल्यासारखं सांगायच्या, "माह्या भावाचा हाये. मी नुसती सांभाळून राह्यली." दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणायचं नाही, हा त्यांचा दंडक.

शिकवण्यातही ही काळजी आड यायचीच. गणितात दोन गाड्या समोरासमोरून येतात ना, किती वेळाने भेटतील ते काढायचं असतं, तर नणंदबाई आधी फळ्यावर दोन वेगवेगळे रूळ आखून घेत, मुलांना दाखवून खात्री पटवत, आणि मगच गाड्या सोडत. टाकीला गळती लागल्याचं गणित आलं, तर 'पण कुणी बुजवत काऊन नाई तिले?' म्हणून आधी त्याच अस्वस्थ होत. आदिलाबादहून गावाकडे बसने निघाल्या की तामसी निघून जाईल या भीतीने एक थांबा आधी उतरत आणि उरलेलं अंतर उन्हातून चालत येत. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं मनीप्लांटचं रोपटं त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाणी घालून परत केलं. "वाळलं तं मले नाई पाहावनार व," एवढंच म्हणाल्या. बरं, मनीप्लांट मरायला काही लागतं! पण त्यांच्या घरात जीव असलेली एकही वस्तू त्यांनी स्वतःची म्हणून आणली नाही. भीती एकच, आपलं म्हटलं की ते जातं.

अशा बाईच्या हातात कुत्री पडावी, आणि तीही अर्धमेली, याला काय म्हणावं? मागच्या हंगामातली गोष्ट. कापसाचे दिवस, मार्केट यार्डापुढे गाड्यांची रांग लागलेली. कापसाने फुगलेली गाडी आपल्याच अंगावर कलंडणार अशी नणंदबाईंची पक्की समजूत असल्याने त्या दिवसांत त्या यार्डाच्या मागून, नालीच्या काठाकाठाने, चांगला मोठा वळसा घालून जातात. त्या वळशावरच त्यांना ती दिसली. तपकिरी रंगाची, मागचा पाय चाकाखाली चेचलेला, सरपटत येऊन नालीत पडलेली. एरवी कुत्रं दिसलं की या बाई रस्ता बदलतात. मला फोन आला, "लवकर ये. पन धावत येऊ नको, पडशील." मी पोचले, तर त्या भर थंडीच्या सकाळी कुत्रीवर छत्री धरून उभ्या. म्हटलं, ऊन कुठे आहे? तर म्हणाल्या, "कावळे डोळ्याले चोच मारतेत. तू मागून पोतं धर, मी तोंडाकडून धरतो. चावली तं मले चावू दे, तुले लेकरं हायेत." कुत्री चावली नाही. तिच्यात तेवढा जीवच नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय जुळवला, प्लास्टर घातलं आणि विचारलं, "टीचरम्मा, आपका कुत्ता है क्या?"

"मेरा नहीं साब," नणंदबाई दचकून म्हणाल्या, "मेहमान है."

आमच्या गावात मुक्या जनावरांसाठी धडपडणारी थोडी मंडळी आहे. त्यांनी सांगितलं, प्लास्टर निघेपर्यंत कुणी सांभाळा, कायमचं घर आम्ही शोधतो. नणंदबाईंनी मान डोलावली, पण चारचौघांत बजावून ठेवलं की फक्त बरी होईपर्यंत, मी काही पाळणारी नव्हे. मी रस्त्यात विचारलं, "ताई, तुमाले झेपन का हे?" तर म्हणाल्या, "सोडून गेली असती तं घरी बसून चिंताच केली असती ना? त्यापरस समोर ठेवून केलेली बरी."

आणि केली, अगदी मन लावून केली. नाव ठेवलं नाही, कारण नाव ठेवलं की माणूस गुंततो; नुसतं 'पाहुणी' म्हणायच्या. पाहुणीला आपल्या शालीचा अर्धा भाग कापून स्वेटर शिवला. प्लास्टरवर माझ्या मुलाचा लहानपणचा पायमोजा चढवला. आदिलाबादची थंडी काही लेचीपेची नसते हे खरं, पण त्या कुत्रीला इतके कपडे होते की आधी तिला सोलावं लागे, मग ती दिसे. दूधभात तिच्यापुढे ठेवायच्या आधी स्वतः एक घास खाऊन बघत. ती भुंकली की हिचा घसा बसेल म्हणून घोर, नाही भुंकली की हिला आतून काही दुखतंय म्हणून दुप्पट घोर. ती झोपली, की श्वास चालू आहे ना हे पाहायला नाकापुढे तळहात धरत. कुत्री दचकून उठे, शिंके, पुन्हा डोळे मिटे की पुन्हा तळहात हजर. त्या बिचारीची झोप एकदाही पुरी झाली असेल असं मला वाटत नाही. पण अंग भरलं तिचं. डोळ्यांत चमक आली. नणंदबाई बोलायला लागल्या की ती मान तिरकी करून ऐकायची, आणि त्यांचं बोलणं असं शेवटपर्यंत ऐकून घेणारं आमच्या घरात तोवर कोणी झालं नव्हतं.

पुढे घरही मिळालं. निर्मल गावच्या एक बाई, नवरा नुकताच निवृत्त झालेला, घराला अंगण, त्यांची म्हातारी कुत्री वर्षभरापूर्वी गेलेली. दोघं पाहुणीला बघायला आली. मुलगी बघायला आल्यावरही एवढे प्रश्न कुणी विचारत नसेल! अंगणात विहीर आहे का? तिच्यावर जाळी आहे का? दिवाळीत फटाके कोण उडवतं? शेजारी उनाड पोरं आहेत का? निर्मलच्या बाई हसतमुखाने उत्तरं देत होत्या. शेवटी नणंदबाईंनी ठेवणीतला काढला, "नातवाले पयलं अक्षर गिरवाले बासरच्या सरस्वतीले नेसान, तवा इच्यापाशी कोन?"

"अहो ताई, मुलाचं लग्नसुद्धा व्हायचंय अजून."

"होईन ना! लग्न बी होईन, नातू बी होईन. तवा?"

"तिलाही नेऊ बासरला," त्या बाई म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी पाहुणीच्या कानामागे असं काही खाजवलं, की पाहुणीने सरळ त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. नणंदबाईंचे प्रश्न तिथेच संपले. प्लास्टर निघालं की न्यायचं असं ठरलं. डॉक्टरांनी संक्रांतीच्या सुट्टीआधी प्लास्टर काढायला आणा म्हणून सांगितलंच होतं.

आणि मग तो दिवस काही उगवेना. आज आभाळ आहे, ओल लागेल. आज दवाखान्यात गर्दी असेल, इतर कुत्री अंगावर येतील. आज ऑटोवाला नवीन आहे, खड्डे चुकवत नाही. आज तिची शिंक वेगळीच आली. संक्रांत होऊन गेली, तारांवर लटकलेले पतंग फाटून गेले, तरी पाहुणीच्या पायात प्लास्टर ते प्लास्टरच. दुसरं कुणी असतं तर आम्ही लगेच ओळखलं असतं. पण नणंदबाईंनी एखादी गोष्ट घाबरून पुढे ढकलली, यात नवल ते काय? निर्मलहून फोन आला की त्या म्हणत, "हाड कच्चं हाये अजून, घाई नोको." आम्ही इकडे हसत होतो. मी तर नवऱ्याला म्हटलं, तुमच्या बहिणीकडे प्लास्टर काढण्याचासुद्धा मुहूर्त लागतो.

एका दुपारी तिळाचे लाडू घेऊन गेले. एरवी पायरीवर माझी चाहूल लागली की पाहुणी शेपटी आपटायला लागायची. त्या दिवशी ती उठली नाही. लाडू नाकापुढे धरला, तरी नुसती बघत राहिली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. मी स्वेटर सोडवला, मोजा ओढून काढला, आणि वास आला. तसला वास एकदा आला की सांगावं लागत नाही. नणंदबाईंना दोन दिवस सर्दी, त्यांना तो आलाच नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.  मग उरलेल्या अर्ध्या शालीत त्यांनी पाहुणीला गुंडाळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. हाड छान जुळलं होतं, पण प्लास्टरखाली आवळून आवळून कातडी सडली होती, बोटं थंड पडली होती. डॉक्टर तसे शांत माणूस, पण भडकले. "क्या टीचरम्मा, मैं कब बुलाया आपको? इत्ते दिन क्या कर रहे थे?"

"डर रही थी, साब."

"काए का डर?"

नणंदबाई पाहुणीकडे बघत उभ्या होत्या. "अच्छी हो जाएगी बोलके," त्या म्हणाल्या.

 डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. पाय काढावा लागणार होता, तो काढूनही ती वाचेलच असं नव्हतं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मला वाटलं, आता या बाईला आवरता आवरता माझीच पुरेवाट होणार. पण जिने जन्मभर न झालेल्या गोष्टींसाठी जीव जाळला, ती खरंच काहीतरी झाल्यावर अशी गप्प बसली होती, की मलाच भीती वाटायला लागली. मी म्हटलं, "ताई, काही तं बोला." तर त्यांनी माझा पदर नीट केला, बाकाच्या खिळ्यात अडकला होता तो, आणि पुन्हा दाराकडे बघत राहिल्या. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, आणि तितकीच त्यांची दयाही आली होती. एवढी वर्षं त्यांच्यावर विनोद करून मी चार घरं हसवली. त्या बाकावर मला एकही विनोद सुचत नव्हता.

पाहुणी वाचली. चार दिवसांत तीन पायांवर उभी राहिली, आठवड्याभरात उड्या मारत दारापर्यंत जायला लागली. जनावराला कुठे ठाऊक असतं काय गेलं ते! जे ठाऊक होतं ते नणंदबाईंना. त्यांनी तिच्या नाकापुढे तळहात धरणं सोडलं, तिला मांडीवर घेणं सोडलं. लांबूनच ताट सरकवत. आणि एक दिवस माझ्यादेखत त्यांनी निर्मलला फोन लावला आणि सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. "पाय माह्याच हातानं गेला तिचा," म्हणाल्या. "मी सांभाळाच्या लायकीची नाई. तीन पायाची चालन का तुमाले?"

माझ्या मनात आलं, तीन पायांची कुत्री कोण नेतं? नको म्हणतील आणि आपोआप प्रश्न मिटेल. पण निर्मलच्या बाई खरोखरच चांगल्या निघाल्या, आणि चांगल्या माणसांपुढे काही इलाज चालत नाही. "चालेल की," त्या म्हणाल्या. "रविवारी येतो."

तो रविवार उगाच लवकर आला. नणंदबाईंनी स्वेटर धुऊन घडी घातला, ताटली घासली, औषधं कशी द्यायची ते दोनदा सांगितलं. निर्मलच्या बाईंच्या यजमानांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मी डोळ्यांना पदर लावायच्या तयारीत होते. आता पाहुणी नणंदबाईंच्या पायाशी लोळण घेणार, जागचं हलणार नाही, वगैरे वगैरे. कुठलं काय! तीन पायांवर टुणकन उडी मारून बया गाडीत चढली, मऊ सीटवर गोल फिरून बसली आणि खिडकीतून आमच्याकडे अशी बघायला लागली, की जणू आम्हीच कुणीतरी तिला पोचवायला आलो होतो.

"गेली पाहा कशी," नणंदबाई हळूच म्हणाल्या.

गाडी सुरू झाली, हळूहळू मागे सरकली, वळली. आणि उभ्या गाडीच्या पुढूनही कधी न जाणारी ही बाई सरळ रस्त्यावर उतरून चालू गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली. यजमानांनी करकचून ब्रेक दाबला. निर्मलच्या बाईंनी काच खाली केली. "काय राहिलं, ताई?"

"काई नाई राह्यलं." नणंदबाईंनी दोन्ही हात गाडीच्या बोनेटवर ठेवले होते. "उतरवा तिले. माही हाये थे."

 निर्मलच्या बाई खाली उतरल्या. त्यांच्या मागच्या सीटवर नवीन चादर अंथरलेली होती, मला ती तेव्हा दिसली. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाजात थोडा रागही होता. "ताई, हे आधी सांगायचं होतं हो. आम्ही घर लावून ठेवलं तिच्यासाठी."

"आधी मलेच कुठं मालूम होतं?" नणंदबाई म्हणाल्या. "भल्या बाई हासान तुमी. तुमच्याकडं सुखी राह्यली असती थे, मले माहीत हाये. पन नाई देत मी. माही हाये."

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आमच्या घरातली पोरं निघाली की त्या प्रत्येकाच्या पिशवीत चिवड्याचा डबा घालायच्या आणि दारातूनच परत फिरायच्या. माझा मुलगा निघाला तेव्हाही तसंच. तेव्हा त्यांनी कधी बसपुढे उभं राहून 'नाई देत' म्हटलं असतं, तर आम्ही काय केलं असतं कोण जाणे. मला तिथे रस्त्यावर रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. निर्मलच्या बाईंनीही मग डोळे पुसले आणि नणंदबाईंचा हात बोनेटवरून सोडवला. पाहुणी मात्र सीट सोडायला तयार नव्हती. शेवटी आम्ही तिघींनी मिळून तिला उचलून खाली काढली. पुढे कितीतरी दिवस नणंदबाई तिला सुनवायच्या, "चालली होती ना निर्मलले? जा, जा." आणि म्हणता म्हणता दूधभात कालवायच्या.

आता दोघी संध्याकाळी फिरायला निघतात. ती तीन पायांवर उड्या मारत पुढे जाते आणि थोड्या वेळाने थांबून मागे बघते. नणंदबाईंचे गुडघे आताशा दुखतात. परवा मीही बरोबर होते. चढाशी त्या दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हने, वय झालं इचं. पन माहं बी झालं ना. मी आधी गेली, तं इले तू नेशील?"

मी काहीतरी टोला मारणार होते, सवयीने. तो तोंडातच विरला. "नेईन," म्हटलं.

एकदा विचारून नणंदबाईंचं कधीच भागत नाही. दूध उतू गेलं नाही ना, हेसुद्धा त्या तीनदा विचारतात. मी वाट पाहिली. पण त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि पुढे चालू लागल्या. तेव्हापासून त्यांना चढावर धाप लागली की माझा जीव खालीवर होतो, आणि मी त्यांचा हात धरते.